बरणी या शब्दाचं मूळ

नव्या ऑफिसात गेल्यावर माणसाने आधी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात: संडास कुठे आहे आणि घाबरायचं कुणाला. मला दोन्ही कळायच्या आत कानावर एक वाक्य पडलं.

"आज अकरा बरण्या आल्यात. त्यातल्या तीन गळक्या आहेत आणि एकीला झाकणच नाही."

मी दारातच थबकलो. बदलीचा हुकूम खिशातून काढून पुन्हा वाचला. विमा कंपनी, घरगुती सामान विभाग, दुसरा मजला. पत्ता बरोबर होता.

सतरा वर्षं मी याच कंपनीच्या टपाल विभागात पाकिटं चिकटवली. चव्वेचाळिसाव्या वर्षी वरच्यांना अचानक साक्षात्कार झाला की या माणसाची जीभ बोलायलाही वापरता येईल, आणि त्यांनी मला इथे पाठवलं.

हळूहळू उलगडा झाला. इथे क्लेमला कुणी क्लेम म्हणत नाही. कागदावर 'दावा', तोंडात 'बरणी'. क्लेम आला की बरणी आली. सोबतच्या पावत्या, फोटो, दाखले म्हणजे झाकण. क्लेममध्ये थापा असल्या की बरणी गळकी. नामंजूर झाला की फुटली, मंजूर झाला की भरली, आणि नुसताच पडून राहिला की मुरतेय. आठवड्याभरात मीही घरी जाऊन सांगायला लागलो, "आज माझ्या हातून दोन बरण्या फुटल्या."

बायको म्हणाली, "तिथेही?"

आणि बरण्या तरी काय एकेक! एका गृहस्थांनी सासऱ्यांची तसबीर लावायला भिंतीत खिळा ठोकला. खिळा लांब, भिंत पातळ आणि सासऱ्यांबद्दलच्या भावना तीव्र. पलीकडे शेजाऱ्याची माशांची काचपेटी होती. मासे इकडे आले. शेजाऱ्याने माशांचा क्लेम केला, यांनी गालिच्याचा, आणि 'नुकसानीचं कारण' या रकान्यात दोघांनीही एकमेकांची नावं लिहिली. एका बाईंची गच्चीवर उन्हात टाकलेली गादी वाऱ्याने उडून चालत्या ट्रकमध्ये पडली. गादीवर त्यांचा कुत्रा झोपला होता. कुत्रा तीन दिवसांनी घरी आला, गादी आली नाही. अर्जाच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं, 'कुत्र्याला सगळं माहीत आहे, पण तो सहकार्य करत नाही.'

अशा अर्जांवर पहिली लाल पेन्सिल फिरायची ती त्रुटीताईंची. यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल, बाहेर कुठे नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या, करड्या स्वेटरमधल्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या ताई कुठलाही कागद हातात घेतला की आधी त्यातली त्रुटी काढायच्या. शिपाईमामा सांगायचा की ताईंनी एकदा स्वतःच्याच रजेच्या अर्जात त्रुटी काढून रजा नामंजूर केली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आल्या. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईचं केलं, आता घरी एकट्याच. घाबरायचं कुणाला, हा प्रश्न सुटला होता.

साहेब नवे होते, तीन महिन्यांपूर्वी आलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त उघडी गोष्ट बघवत नसे. उघडं कपाट, उघडं दार, उघडी फाईल, जांभईसाठी उघडलेलं तोंड. केबिनमध्ये त्यांनी एक फळा लावला होता. त्यावर उघड्या बरण्यांचा आकडा असायचा आणि तो रोज संध्याकाळी खाली आला नाही तर साहेबांचा चेहरा खाली यायचा.

एकदा मुख्य ऑफिसातून तपासणीला माणूस आला. त्याने दिवसभर 'बरणी' ऐकलं, आणि आठ दिवसांनी पत्र आलं. 'सदर शब्दाचा अर्थ काय? तो कोणी, केव्हा व कोणत्या परिपत्रकान्वये सुरू केला? खुलासा व्हावा.'

साहेबांनी मला बोलावलं.

"तुमच्या माहितीपत्रकात छंद म्हणून 'वाचन' लिहिलंय."

"साहेब, त्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं."

"मग आता ते खरं करून दाखवा. बरणी. अर्थ आणि मूळ. एक पान. शुक्रवारपर्यंत."

अर्थ मला येत होता. मूळ शोधायला मी शिपाईमामाकडे गेलो, कारण ऑफिसात सगळ्यात जुना तोच आणि ताई. बाकी सगळे वाऱ्याने आलेले. मामा किटली घासत होता.

"सोप्पं आहे भाऊ," तो म्हणाला. "आधीच्या आधीचे साहेब होते ना, त्यांचं पोट. अगदी बरणी. त्यांच्या पोटावर फाईल ठेवून सही करायचे. तिथून पडलं."

मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सहज पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "पूर्वी इथे उंदीर फार. कागद बरण्यांत भरून ठेवायचो."

"काल तर पोट म्हणालात."

"पोट होतंच. उंदीरही होते."

तिसऱ्या दिवशी कारण निघालं की क्लेम मुरत ठेवतात, म्हणून. चौथ्या दिवशी, की या इमारतीत आधी बरण्यांचा कारखाना होता. मी म्हटलं, खाली पाटी आहे, आधी शाळा होती. मामा म्हणाला, "शाळेच्या आधी." आणि दर वेळी किटलीवर हात ठेवून शपथ घ्यायचा.

शेवटी छातीचा कोट करून ताईंकडे गेलो.

"ताई, बरणी हा शब्द कुठून आला?"

त्यांनी मान वर केली नाही. "प्रश्नावर तारीख नाही, सही नाही. लेखी आणा."

मी लेखी नेला. तारीख, सही, सगळं. पाच मिनिटांत कागद परत आला. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'विचारण्याचं कारण नमूद नाही.'

इतक्यावर शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं. पण मला आयुष्यात प्रथमच कुणीतरी काही शोधायला सांगितलं होतं, आणि मी पेटलो होतो. आवक नोंदीच्या जुन्या वह्या काढल्या आणि एकेक वर्ष मागे जात राहिलो. समासात जिकडेतिकडे बरणी होतीच. दहा वर्षं मागे, होती. पंधरा, होती. एकोणीस वर्षांपूर्वीच्या वहीत अर्ध्यावर आलो आणि शब्द एकदम संपला. त्याच्या आधी सगळीकडे सरळ 'दावा'.

पुन्हा पुढे येत वाचलं. 'वस्तू' या रकान्यात ताईंच्या टोकदार अक्षरात: 'बरणी १, काचेची, बटणांसकट.' आठवड्यानंतर समासात: 'बरणीवाले आले होते.' मग, 'पुन्हा आले.' मग वेगळ्याच कुणाच्या अक्षरात, 'बरणीचं काय झालं?' 'बरणी अजून आहे?' आणि दोन महिन्यांनी, एका मोडक्या कपाटाच्या नोंदीशेजारी, 'हीपण बरणीच होणार बहुतेक.' बस. तिथून पुढे कपाट असो, गादी असो, मासे असोत, सगळ्यांच्या बरण्या झाल्या होत्या.

नंबर घेऊन मी कपाटाच्या तळाशी पोचलो. फाईल उशीएवढी जाड होती. नेहमीची नाडी पुरत नव्हती, म्हणून ती शिंप्याच्या मोजपट्टीने बांधलेली होती.

हकीकत अशी. दावेदार शिंपी, दुकान तिसऱ्या मजल्यावर. दुकानात वरच्या फळीवर आजोबांच्या वेळची काचेची मोठी बरणी, तीत बटणं. बरणीत किती बटणं पडली, किती निघाली, याची वही तीन पिढ्यांनी ठेवलेली. एके दिवशी एक अतिशय उंच गिऱ्हाईक आलं. शिंपी स्टुलावर चढून त्याचं माप घेत होते. सवयीने म्हणाले, "हात वर करा." गिऱ्हाईकाने केले. फळी निघाली, बरणी खाली आली, पण फुटली नाही. कापडाच्या ढिगावर पडून घरंगळत दाराबाहेर गेली आणि जिना उतरायला लागली. मागे स्टुलावरून उडी मारलेले शिंपी, त्यांच्यामागे हात वरच ठेवलेलं गिऱ्हाईक, कारण हात खाली करा असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बरणी तीन मजले शाबूत उतरली आणि अगदी शेवटच्या पायरीवर फुटली. त्याच क्षणी पोस्टमन आत येत होता. तो बटणांवरून घसरून थेट तळमजल्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात गेला आणि रिकाम्या खुर्चीत बसूनच थांबला. न्हाव्याने, जबानीत लिहिल्याप्रमाणे, 'सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं.'

शिंप्यांनी अर्ज दिला: बरणी एक, बटणं अंदाजे चार हजार. ताईंची पहिली लाल खूण त्या 'अंदाजे'वर. बिचारे परत गेले, जिना झाडला, मोजदाद केली आणि आले. वहीप्रमाणे ४११२, सापडली ३९७४, गहाळ १३८. क्लेम मंजूर व्हायला काही हरकत नव्हती. पण त्याच आठवड्यात त्यांना पायपुसण्याखाली एक बटण सापडलं आणि प्रामाणिक माणूस ते घेऊन आला.

इथे नियम चौदा आडवा आला. दावा निकाली निघण्याआधी गहाळ वस्तू सापडली, तर दावेदाराने ती स्वतः आणून जमा करावी, आणि हिशेब पहिल्यापासून करावा. असा फेरहिशेब वर्षातून एकदाच होतो. ताईंनी फेरहिशेब सुरू केला. वर्ष गेलं. हिशेब पुरा झाला, आता सहीला जाणार, तोच शिंपी दारात. आणखी एक बटण. गहाळ १३६.

पुढच्या वर्षी १३५. त्याच्या पुढच्या वर्षी १३४. मार्चचा दुसरा गुरुवार, दर वर्षी, न चुकता. फाईलमध्ये एक जाड पुठ्ठा होता. त्यावर एकोणीस बटणं दोऱ्याने टाचलेली, प्रत्येकाखाली तारीख आणि 'कुठे सापडलं'. जिन्याखाली. न्हाव्याच्या गल्ल्यात. पोस्टमनच्या टोपीत, तेही सहा वर्षांनी. सातव्या बटणावर तर किमतीची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली होती. त्याखाली ताईंनी शांतपणे लिहिलं होतं: 'सापडलं: पायऱ्यांच्या फटीत. स्थिती: उत्तम.'

हे बघून कुणाही माणसाच्या डोक्यात जे आलं असतं, ते माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, छान, पुरावा मिळाला! एक पान लिहिलं. अर्थ, मूळ, वही क्रमांक, फाईल क्रमांक. आणि अक्कल जास्त झाल्यामुळे शेवटी एक वाक्य जोडलं: 'विशेष म्हणजे ज्या दाव्यावरून हा शब्द आला, तो दावा आजही चालू आहे.'

साहेब वाचत गेले तसे खूश होत गेले. शेवटच्या ओळीवर थांबले.

"चालू आहे म्हणजे?"

"म्हणजे उघडा आहे, साहेब."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

साहेब उभे राहिले. मला वाटलं फाईल फेकतात. पण त्यांचा चेहरा एखाद्याला आयुष्याचं ध्येय सापडावं तसा झाला होता. "आणा ती फाईल."

पाच मिनिटांत बरणी भरली. मंजूर, शिक्का, पत्र, धनादेश. पाकीट मीच चिकटवलं. जुनी सवय.

आदेशाची प्रत ताईंच्या टेबलावर मीच नेऊन ठेवली, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी प्रत वाचली. उलटून मागे बघितलं. पुन्हा वाचली. अंबाड्यातून लाल पेन्सिल काढली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत टोक फिरवत नेली आणि पेन्सिल टेबलावर ठेवली.

"त्रुटी नाही," त्या म्हणाल्या.

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. हे शब्द त्या खोलीत कुणी ऐकले नव्हते. ताईंनी फाईलची मोजपट्टी सोडली, हळूहळू गुंडाळली, खणात ठेवली आणि म्हणाल्या, "मामा, पुढच्या गुरुवारी दोन कप नकोत. एकच."

मामाने मला दंडाला धरून जिन्यात नेलं.

"भाऊ, मी तुम्हाला चार थापा मारल्या. चार! पोट दिलं, उंदीर दिले, कारखाना दिला. माणसाने एखादीवर तरी समाधान मानावं की नाही?"

"अहो, पण खरं मूळ..."

"खरं मूळ मला माहीत नाही होय? दर मार्चच्या गुरुवारी मीच चहा नेतो दोघांना. ते बटण काढून ठेवतात. ताई भिंगातून बघतात. अर्धा तास बघतात, भाऊ, एक बटण! मग हिशेब. मग ते विचारतात, तब्येत कशी आहे. ताई म्हणतात, हा प्रश्न अर्जात नाही. आणि मग सांगतात, तब्येत कशी आहे ते. सगळं सांगतात. आई गेली तेव्हा त्यांना सांगितलं, आम्हाला नाही."

"मग ते एरवी का नाही भेटत?"

"नियम एकवीस. चालू दाव्याच्या माणसाकडे जायचं नाही, त्याच्याकडून चहाही घ्यायचा नाही. आणि नियम मोडतील त्या त्रुटीताई कसल्या? क्लेम चालू म्हणून बाहेर भेटता येत नाही, आणि क्लेम बंद झाला तर इथे यायला निमित्त नाही. म्हणून वर्षाला एक गुरुवार होता. तो तुम्ही पाकिटात घालून पाठवलात."

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, एक बाई एकोणीस वर्षं बटणं मोजतेय, आणि तुम्हाला वाटलं तिला बटणं आवडतात?"

"चिठ्ठी होती ना बटणावर. मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! आपल्या लग्नाआधी मी तुमच्या टपाल खिडकीवर तीन महिने रोज एक पत्र टाकायला यायचे. कुणाला लिहीत होते पत्रं?"

"मावशीला ना?"

"मला मावशी आहे?"

मी विचार केला. खरंच नव्हती. सोळा वर्षांच्या संसारात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "निस्तरा आता," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

पुढचा गुरुवार आला. अकरा वाजता शिंपी आले. सडपातळ, साठीच्या पुढचे, कोट असा बेतलेला की आमच्या साहेबांचा कोट शेजारी गोणपाट वाटावा. कॉलरखाली टाचण्या, खांद्यावर पांढरा दोरा. हातात मंजुरीचं पत्र. ताईंच्या टेबलाकडे न बघता सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच राहिलं, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं.

"माझी हरकत आहे," शिंपी म्हणाले.

"रक्कम कमी वाटते का?"

"रक्कम परत घ्या. हिशेब चुकलाय. आणखी एक सापडलंय." त्यांनी खिशातून बटण काढून टेबलावर ठेवलं. हाडाचं, पिवळट, जुनं. हे बहुधा खरंच सापडलं होतं.

साहेब प्रेमाने म्हणाले, "ठेवा की ते तुम्हालाच. कंपनीची भेट समजा. एका बटणासाठी कशाला त्रास घेता?"

"मला त्रास नाही."

"पण आम्ही तुम्हाला एकोणीस वर्षं त्रास दिला. त्याबद्दल मी कंपनीतर्फे दिलगिरी व्यक्त करतो."

माफी मागणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. शिंपी बाहेर आले. ताईंच्या टेबलापाशी थांबले. बटण पुढे केलं.

ताईंनी ते बघितलं. हात पुढे आला नाही. "बंद फाईलला जमा करता येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त शेवटी थोडा उसवला.

"तब्येत?" शिंप्यांनी विचारलं.

"बरी आहे."

एवढंच सांगितलं. शिंपी बटण खिशात घालून निघाले. मामा दोन कप घेऊन आला होता. एकच सांगितलं असताना दोन आणले होते. तो दुसरा कप त्याने माझ्यासमोर आदळला. मी तो प्यालो नाही. हिंमतच झाली नाही.

त्या दिवशी डबा न खाता मी नियमांची वही घेऊन बसलो. वाचन हा छंद शेवटी अंगावर आला. नियम चौदा मी आधी अर्धाच वाचला होता. खाली बारीक अक्षरात पोटकलमं होती. तिसरं वाचलं आणि खुर्चीतून उठलो.

साहेब फळ्यावर आकडा लिहीत होते. फळा लावल्यापासून प्रथमच एक आकडी संख्या आली होती.

"साहेब, बरणीच्या फाईलमध्ये त्रुटी आहे."

खडू मोडला.

"ती बंद झाली."

"पैशांपुरती झाली. चौदाचं पोटकलम तीन. दावा निकाली निघाल्यावर जमा वस्तू दावेदाराच्या ठिकाणी नेऊन परत कराव्यात. दावा हाताळणारा कर्मचारी आणि एक साक्षीदार. सही आणावी. तोवर फाईल बंद समजू नये. एकोणीस बटणं आपल्याकडे आहेत, साहेब."

"म्हणजे ती उघडी आहे?"

"सताड."

साहेबांनी डोळे मिटले. "मग इथे काय करताय? जा! उद्याच जा. ताईंना घेऊन जा."

ताईंनी मात्र मान हलवली. "नियम एकवीस. दावेदाराकडे जाता येत नाही."

"तो चालू दाव्याला, ताई. हा चालू नाही."

"आत्ता तर उघडा आहे म्हणालात."

"बटणांपुरता उघडा. तुमच्यापुरता बंद."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. नियमांची वही मागवून पोटकलम तीन दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. "शिकताय," म्हणाल्या. आमच्या ऑफिसात याला पदक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही निघालो. ताईंनी स्वेटर दुसरा घातला होता, निळा. पुठ्ठा पिशवीत छातीशी धरला होता. न्हाव्याच्या दुकानाशेजारून जिना वर जात होता. पहिल्याच पायरीशी त्या थांबल्या आणि चपलेच्या टोकाने तिच्या कडेला अलगद स्पर्श केला.

"इथे फुटली," त्या म्हणाल्या.

मग वर चढायला लागल्या. "बावन्न पायऱ्या आहेत. तेविसावीचा कोपरा तुटलाय, सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर खिडकी लागेल, तिच्या फटीत चौथ्या वर्षीचं सापडलं होतं." तेविसाव्या पायरीचा कोपरा खरंच तुटलेला होता. खिडकीही लागली. बाई जन्मात इथे आल्या नव्हत्या.

दुकान छोटं, नीटनेटकं. फळी आता गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेली, तिच्यावर नवी बरणी. शिंपी मशीनवर वाकले होते. त्यांनी वर बघितलं आणि पायडल थांबलं. सुई कापडात अर्धी गेलेली, ती तशीच राहिली.

"कामासाठी आलेय," ताई घाईने म्हणाल्या. "जमा वस्तू परत करायच्यात. मोजून घ्या आणि सही करा."

"हो हो. बसा. आधी बसा तरी." त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले, ते ठेवायला जागा नव्हती म्हणून माझ्या हातात दिले, आणि चहा ठेवला. कप पुढे केला तेव्हा त्यांचं त्यांनाच आठवलं आणि हात मागे घ्यायला लागले. "अरे, तुम्हाला चालत नाही."

"आज चालतो," ताई म्हणाल्या आणि कप घेतला. दोन घोट प्यायल्या. "साखर जास्त आहे."

"त्रुटी?"

"नोंद करून ठेवते."

कोपऱ्यात तीन विजारी आणि एक झगा सांभाळत मी भिंतीवरच्या बाह्यांच्या नमुन्यांकडे डोळे लावून बसलो होतो. शिंप्यांनी पुठ्ठा मांडीवर घेतला. एकेक बटण कात्रीच्या टोकाने सोडवून टेबलावर ठेवत गेले. घाई अजिबात नव्हती. प्रत्येकाखालची तारीख वाचायचे. "हे तुमचा हात मोडला होता त्या वर्षीचं." "हे तुमचं दुकान महिनाभर बंद होतं तेव्हाचं," ताई म्हणायच्या. "तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं."

शेवटी ते थांबले.

"बाई, अठराच आहेत."

"पुन्हा मोजा."

त्यांनी पुन्हा मोजली, पहिल्यापेक्षा सावकाश. "अठरा."

सकाळी ऑफिसात मी स्वतः एकोणीस मोजून साक्षीदार म्हणून लिहिलं होतं. मी पुठ्ठ्याकडे बघितलं. सातव्या जागी सुईची चार भोकं होती आणि दोऱ्याचं एक टोक. चिठ्ठीवालं बटण तिथे नव्हतं. ताईंनी पिशवीचं तोंड घट्ट आवळून धरलं होतं.

"मग त्रुटी आहे," त्या म्हणाल्या. कान लाल झाले होते. "एक ऑफिसात राहिलं असणार. उद्या आणून देते."

"उद्या शनिवार. तुमचं ऑफिस बंद."

"बटणाला कसली आलीय सुट्टी."

आता अकलेचं काय करावं? माझी मध्येच जागी होते. मी म्हटलं, "ताई, मग उद्या साक्षीदार म्हणून मलाही..."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. शिंपी उठले, माझ्या हातातले कपडे काढून घेतले आणि माझ्या कोटाचं मधलं बटण दोन बोटांनी हलवून बघितलं. "हे सैल झालंय, साहेब. लावून देतो. कधीही या." मग जरा थांबून, "उद्या सोडून."

"तुम्ही पुढे व्हा," ताई म्हणाल्या. "माझा चहा संपायचाय."

कपात अर्धा घोटही नव्हता. मी पुढे झालो.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली पायरीच्या फटीत काहीतरी चमकलं. वाकलो. शिंपल्याचं छोटंसं बटण, चार भोकांचं, वर कित्येक वर्षांची धूळ. एकशे अडतिसांतलं असणार, खरंखुरं.

मी इकडेतिकडे बघितलं. वरून ताईंचा आवाज येत होता, साखरेबद्दलच बहुतेक. बुटाच्या टोकाने मी ते बटण फटीत आणखी आत ढकललं आणि खाली उतरलो.